दाट, घट्ट, चिकट : डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे प्रवाहिकीतील कार्य व एक परिभाषाविचार

१. विषयप्रवेश

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने रासायनिक अभियांत्रिकीतील एका संशोधकाच्या विद्याजीवनाविषयी लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ह्या दोन विषयांमध्ये दिसते तितके अंतर नाही. डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर यांनी ज्या शास्त्रात आपले मूळ संशोधन केले ते ‘रिऑलॉजी’ म्हणजे पदार्थांच्या वाहण्याचे व विरूप होण्याचे शास्त्र होय. प्रस्तुत लेखात त्यास ‘प्रवाहिकी’ असे म्हटले आहे. वरण पातळ झाले की घट्ट, पाक एकतारी आला की दोनतारी, गवंड्याचा माल सैल आहे की बरोबर, हे भेद मराठी माणूस पिढ्यानपिढ्या शब्दांनी करीत आला आहे. तेच भेद प्रवाहिकी मोजमापाने करते. जे भाषेने हाताच्या स्पर्शावरून ओळखले ते शास्त्राने समीकरणात कसे बसविले, आणि ते करणाऱ्यांपैकी एक अग्रगण्य संशोधक मराठी शाळेतून कसा पुढे आला, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक ठरावे.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. पहिला, माशेलकरांच्या संशोधनाचा आशय शास्त्रेतर वाचकांस समजेल अशा रीतीने मांडणे. दुसरा, त्या निमित्ताने मराठीतील शास्त्रीय परिभाषेच्या एका प्रश्नाकडे आपल्या विभागातील विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे. चरित्रवर्णन हा लेखाचा विषय नव्हे. चरित्राचा तपशील आशयाच्या आकलनास आवश्यक तेवढाच दिला आहे.

२. प्रवाहिकी म्हणजे काय?

‘रिऑलॉजी’ ही संज्ञा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी रूढ केली आणि १९२९ मध्ये त्या नावाची संस्था अमेरिकेत स्थापन झाली. संज्ञेच्या मुळाशी वाहणे या अर्थाचा ग्रीक धातू आहे. हा धातू आणि संस्कृतातील ‘स्रु’ हा धातू एकाच इंडो-युरोपीय मुळापासून आलेले आहेत. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या सकाराचा लोप झाला, संस्कृतात तो टिकला. म्हणजे ज्या शास्त्राचे नाव आपणांस परके वाटते, त्याचा धातू आपल्या ‘स्रोत’ आणि ‘स्राव’ या शब्दांत मुळातच आहे.

ह्या शास्त्राचा आरंभबिंदू न्यूटनचा एक साधा विचार होय. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकतात तेव्हा त्यांच्यामध्ये एक प्रकारचे घर्षण होते. थर सरकविण्यास लागणारे बल सरकण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि ह्या प्रमाणाचा जो स्थिरांक तीच त्या द्रवाची विष्यंदिता. पाणी, तेल, साखरेचा पाक हे सर्व सामान्यतः हा नियम पाळतात. पाण्याची विष्यंदिता २० अंश सेल्सिअस तापमानास सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. मधाची तिच्या हजारो पट असते. तथापि दोघेही एकाच जातीचे द्रव आहेत. भेद संख्येचा आहे, स्वभावाचा नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. दाटपणा म्हणजे घनता नव्हे. तेल पाण्यापेक्षा दाट असते, पण हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते. बोलीत हे दोन गुण ‘जड’ अथवा ‘घट्ट’ या शब्दांत कधीकधी मिसळतात. शास्त्रास ते वेगळे ठेवावे लागतात.

खरा प्रश्न उद्भवतो तो न्यूटनचा नियम न पाळणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत, आणि असे पदार्थ आपल्या अवतीभवती विपुल आहेत. विरजण लागलेले दही घुसळले की पातळ होते. म्हणजे ढवळण्याचा वेग वाढला की त्याची विष्यंदिता घटते. पाण्यात कालवलेले मक्याचे पीठ उलट वागते. ते हलके ढवळावे तर वाहते, जोराने ढवळावे तर घट्ट होते. पूर्णा-परभणीकडील काळ्या जमिनीचा चिखल तिसऱ्या प्रकारचा आहे. तो बैलगाडीच्या चाकास लागला की आपणहून खाली ओघळत नाही. विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक बल लावल्याखेरीज तो वाहतच नाही. त्या मर्यादेच्या आत तो घनाप्रमाणे व बाहेर द्रवाप्रमाणे वागतो. अशा पदार्थांस बिंगहॅम यांच्या नावाने ओळखले जाते.

चौथा प्रकार सर्वांत कुतूहलजनक आहे. कणीक मळून लगेच लाटली तर पोळी आखडते. मुरू दिली तर आखडत नाही. याचा अर्थ असा की कणीक वाहतेही आणि रबराप्रमाणे मूळ आकाराकडे परतूही पाहते. तिच्यात द्रवाचा आणि स्थितिस्थापक घनाचा, असे दोन्ही स्वभाव एकत्र आहेत. ताणलेली अंतर्रचना सैल पडण्यास तिला काही काळ लागतो, आणि ‘मुरणे’ हे क्रियापद कणकेच्या बाबतीत नेमके त्याच काळाचे वाचक आहे. शास्त्रात त्यास शिथिलनकाल म्हणता येईल.

पदार्थ घन की द्रव, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. किती काळ पाहिले असता, असे त्यास जोडावे लागते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली सुरू झालेल्या एका प्रयोगात, हातोड्याने फुटणारा डांबरासारखा पदार्थ नरसाळ्यातून ठिबकत आहे. २०१४ पर्यंत त्याचे केवळ ९ थेंब पडले. शिथिलनकाल आणि निरीक्षणकाल यांच्या गुणोत्तरास प्रवाहिकीतज्ज्ञ मार्कस रायनर यांनी ‘देबोरा अंक’ असे नाव दिले. हिब्रू बायबलातील देबोरा ह्या स्त्रीच्या गीतात पर्वत वाहिल्याचा उल्लेख आहे. ईश्वराच्या निरीक्षणकालात पर्वतही द्रवच, असा रायनर यांचा अभिप्राय होता. हा अंक मोठा असला तर पदार्थ घनासारखा भासतो, लहान असला तर द्रवासारखा.

३. मुंबई : पायाभरणी

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजी, त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यातील माशेल या गावी झाला. वडील लवकर निवर्तले आणि आई अंजनीबाई त्यांना घेऊन मुंबईस आल्या. गिरगाव परिसरातील वास्तव्य, महानगरपालिकेची मराठी शाळा, नंतर युनियन हायस्कूल, असा त्यांचा शालेय प्रवास झाला. ह्या शाळेतील भावे सरांनी बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून कागद जाळून दाखविला आणि एकाग्रतेचे महत्त्व मनावर बिंबविले, ही हकिकत माशेलकरांनी आपल्या भाषणांतून पुनःपुन्हा सांगितली आहे. १९६० च्या शालान्त परीक्षेत ते गुणवत्ता यादीत ११ वे आले. तरीही पुढील शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीची दरमहा ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून शिक्षण चालू राहिले.

ह्या तपशिलाकडे केवळ भावनेने पाहू नये. भौतिकशास्त्राच्या मूलभूत कल्पना ह्या विद्यार्थ्याच्या मनात प्रथम मराठीतून रुजल्या, आणि त्या रुजविणारा शिक्षक प्रयोग प्रत्यक्ष करून दाखविणारा होता, एवढी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात प्रवेश घेतला. १९३३ मध्ये स्थापन झालेला हा विभाग आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या स्वतंत्र विद्यापीठाच्या रूपाने ओळखला जातो. त्याचा मराठवाडा परिसर २०१८ मध्ये जालना येथे सुरू झाला. १९६६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि १९६९ मध्ये डॉक्टरेट, असे शिक्षण माशेलकरांनी तेथे पूर्ण केले. मार्गदर्शक होते प्रा. मनमोहन शर्मा. शर्मा हे केंब्रिज येथे प्रा. डँकवर्ट्‌स यांच्या हाताखाली संशोधन करून १९६४ मध्ये परतले होते आणि ऐन तारुण्यात प्राध्यापक झाले होते.

डॉक्टरेटच्या काळातील संशोधन प्रवाहिकीवर नव्हते. द्रवाने भरलेल्या उभ्या स्तंभात तळातून वायूचे बुडबुडे सोडले असता वायू किती वेगाने द्रवात शोषला जातो, हा त्याचा विषय होता. यातील अडचण अशी की शोषणाचा वेग बुडबुड्यांच्या एकूण पृष्ठभागावर अवलंबून असतो, आणि हजारो बुडबुड्यांचा पृष्ठभाग पट्टीने मोजता येत नाही. डँकवर्ट्‌स-शर्मा परंपरेने त्यावर रासायनिक उपाय योजला. ज्या अभिक्रियेचा वेग आधीच नेमका ठाऊक आहे अशी अभिक्रिया स्तंभात घडवून आणावयाची, उदाहरणार्थ कार्बन डायऑक्साइड आणि दाहक सोड्याचा द्राव यांची, आणि शोषलेल्या वायूच्या प्रमाणावरून पृष्ठभाग उलट गणिताने काढावयाचा. जे प्रत्यक्ष मोजता येत नाही ते त्याच्या परिणामावरून मोजावे, ही रीत माशेलकर येथे शिकले. १९७० मध्ये शर्मा यांच्यासह प्रसिद्ध केलेला त्यांचा बुडबुडा-स्तंभांवरील निबंध ह्याच कामाचे फळ होय.

४. सॅलफर्ड : विषयांतर की विषयविस्तार?

१९६९ मध्ये माशेलकर इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात गेले आणि १९७० ते १९७६ ह्या काळात तेथे अधिव्याख्याता होते. झेकोस्लोव्हाकियातून आलेले यारोमिर उल्ब्रेख्त हे त्यांचे तेथील ज्येष्ठ सहकारी. त्यांच्या सहवासात माशेलकर न्यूटनचा नियम न पाळणाऱ्या द्रवांकडे वळले.

वरवर पाहता हे विषयांतर दिसते. वस्तुतः प्रश्न तोच होता, माध्यम बदलले. पाण्यासारख्या द्रवात वस्तुमानाचे आणि उष्णतेचे वहन कसे होते हे ठाऊक झाल्यावर, द्रव जर लांबलचक साखळ्यांच्या रेणूंचा, म्हणजे बहुवारिकाचा असेल तर काय होईल, हा स्वाभाविक पुढचा प्रश्न आहे. प्लॅस्टिक, रंग, कृत्रिम धागे, औषधी मलमे ह्या सर्वांच्या उत्पादनात असेच द्रव ढवळावे, वाहवावे व तापवावे लागतात. पाण्यासाठी केलेली गणिते तेथे चालत नाहीत.

एक उदाहरण पुरेसे आहे. पाण्यात चकती फिरविली तर केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे पाणी बाहेर फेकले जाते. बहुवारिकाच्या स्थितिस्थापक द्रावात मात्र फिरण्याच्या दिशेने ताणल्या गेलेल्या साखळ्या पिंपाच्या कड्याप्रमाणे द्रवास आत आवळतात. हे आवळणे केंद्रोत्सारी प्रेरणेवर मात करू शकते, आणि मग प्रवाहाची दिशा उलटते. दांडा फिरविला तर द्राव दांड्यावर चढू लागतो. ढवळण्याचे यंत्र आखणाऱ्या अभियंत्यास हे ठाऊक नसेल तर त्याचा अंदाज नुसता चुकणार नाही, तो उलट्या दिशेने चुकेल. अशा द्रवांच्या ढवळण्यात आणि चकत्यांभोवतीच्या वर्तुळाकार प्रवाहांत स्थितिस्थापकता नेमके काय करते, याचा अभ्यास माशेलकर, उल्ब्रेख्त व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला.

त्याच क्षेत्रातील आणखी एक घटना येथे नमूद करावयास हवी. खळबळीने वाहणाऱ्या पाण्यात एखादे बहुवारिक दशलक्ष भागांत काही मोजके भाग इतक्या अल्प प्रमाणात मिसळले तरी नळातील घर्षण लक्षणीय प्रमाणात घटते. १९४८ मध्ये टॉम्स यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. घर्षण घटण्याच्या ह्या परिणामाचाही माशेलकरांनी अभ्यास केला आहे.

५. पुणे : परत येणे आणि परंपरा उभी करणे

१९७६ मध्ये माशेलकर सॅलफर्ड येथील स्थिर पद सोडून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. वाय. नायुडम्मा यांनी त्यांना परतण्यास प्रवृत्त केले होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या ह्या प्रयोगशाळेत बहुवारिकांचे विज्ञान व अभियांत्रिकी यांचा एक सबळ गट पुढील दशकात उभा राहिला.

पुण्यातील संशोधनाचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : बहुवारिकांच्या माध्यमात वाहणे, विसरण आणि अभिक्रिया ह्या तीन क्रिया परस्परांपासून अलग करता येत नाहीत. साध्या द्रवात एखादा लहान रेणू किती वेगाने पसरतो हे प्रवाहावर फारसे अवलंबून नसते. बहुवारिकाच्या द्रावात मात्र प्रवाह साखळ्यांची मांडणी बदलतो, आणि मांडणी बदलली की विसरणही बदलते. ह्या परस्परावलंबनाचा एकसूत्री विचार १९८० च्या दशकात माशेलकर व त्यांचे सहकारी करीत होते. १९८२ मध्ये त्यांना अभियांत्रिकी विज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

त्यानंतर लक्ष ‘जेल’ ह्या पदार्थवर्गाकडे वळले. जेल म्हणजे बहुवारिकाच्या साखळ्यांचे जाळे आणि त्यात अडकलेले पुष्कळ पाणी. तापमान, आम्लता अथवा विद्रावक यांत किंचित बदल झाला तरी काही जेल एकदम फुगतात किंवा आक्रसतात. हे का व केव्हा घडते याचे उत्तर साखळ्यांतील हायड्रोजन बंधांच्या हिशेबात शोधण्याचे काम माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांनी १९९० च्या दशकात केले. लेले हे मुंबईच्या त्याच विभागाचे विद्यार्थी. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते पुण्यास आले होते. पुढे धातूंच्या आयनांच्या साहाय्याने कापलेले तुकडे पुन्हा सांधणारे जेलही ह्या गटाने सिद्ध केले. मराठवाड्यातील वाचकांस याचे व्यावहारिक अंग सहज उमगेल. स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषून ते मातीत हळूहळू सोडणारे ‘जलशक्ती’ नावाचे बहुवारिक याच प्रयोगशाळेत तयार झाले होते.

विद्यापरंपरेच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, त्यांचे शिष्य माशेलकर १९९८ मध्ये. लेले यांना २००६ मध्ये भटनागर पारितोषिक मिळाले आणि २०२१ मध्ये ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. डँकवर्ट्‌स, शर्मा, माशेलकर, लेले अशी ही चार पिढ्यांची मालिका आहे. तिच्यात प्रत्येकाने मागच्याचा विषय जसाच्या तसा घेतला नाही. मागच्याची रीत घेतली आणि माध्यम बदलले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने विषयनिवड करताना हा भेद विचारात घ्यावा. मार्गदर्शकाचा विषय उचलणे सोपे असते. त्याची प्रश्न विचारण्याची पद्धत आत्मसात करून ती नव्या सामग्रीस लावणे कठीण, पण परंपरा पुढे जाते ती त्यामुळेच.

६. प्रशासन, हळद आणि भाषा

१९८९ ते १९९५ माशेलकर पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक होते आणि १९९५ ते २००६ परिषदेचे महासंचालक. ह्या काळात त्यांचे नाव संशोधनापेक्षा संस्थाचालन व पेटंटविषयक धोरण यांसाठी अधिक गाजले. त्यांना १९९१ मध्ये पद्मश्री, २००० मध्ये पद्मभूषण व २०१४ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. ह्या कालखंडाचा समग्र आढावा येथे अभिप्रेत नाही. परंतु त्यातील दोन प्रसंग आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिला प्रसंग हळदीचा. जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास देण्यात आले. परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. भारतातील कोणत्याही घरी ठाऊक असलेली गोष्ट नवी म्हणून कशी मान्य झाली? कारण पेटंट तपासणाऱ्यास ती लिखित स्वरूपात, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत व त्याच्या शोधपद्धतीत सापडली नाही. ‘सर्वांना ठाऊक आहे’ हा पुरावा होऊ शकला नाही. संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील निबंध हे पुरावे झाले. याच अनुभवातून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले, आणि त्यात आयुर्वेदादी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी ह्या ५ भाषांत उपलब्ध झाले. भाषेच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जे ज्ञान नोंदलेले नाही, वर्गीकृत नाही आणि शोधता येत नाही, ते ज्ञान वादाच्या वेळी नसल्यासारखेच असते.

दुसरा प्रसंग वेगळ्या प्रकारचा आहे. पेटंट कायद्यासंबंधी केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाचे माशेलकर अध्यक्ष होते. ह्या गटाने २००६ च्या अखेरीस सादर केलेल्या अहवालातील काही मजकूर दुसऱ्या एका अभ्यासलेखातून मूळ उल्लेखाशिवाय आल्याचे निदर्शनास आले, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल मागे घेण्यात आला. सुधारित अहवाल नंतर सादर झाला. आदरणीय विद्वानाच्या कारकिर्दीतील हा प्रसंग वगळून पुढे जाणे संशोधन पत्रिकेस शोभणारे नाही. गटाने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी अखेर अध्यक्षाकडे येते, आणि उद्धरणाची शिस्त ज्येष्ठतेने शिथिल होत नाही, एवढा धडा त्यातून घेणे उचित होय.

७. परिभाषेचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘व्हिस्कॉसिटी’ ह्या कल्पनेसाठी मराठी शास्त्रीय लेखनात ‘विष्यंदिता’ आणि ‘श्यानता’ असे दोन्ही शब्द आढळतात. दोन्ही संस्कृतोद्भव आहेत. पण त्यांची योग्यता सारखी नाही. ‘विष्यंदिता’ हा शब्द ‘स्यंद्’ म्हणजे वाहणे ह्या धातूपासून आला आहे. व्युत्पत्तीने तो वाहण्याचा वाचक, तर संकल्पना वाहण्यास होणाऱ्या विरोधाची. ‘श्यान’ हा शब्द ‘श्यै’ धातूपासून आलेला असून थिजलेला, दाट झालेला असा त्याचा अर्थ आहे. द्रवाच्या घट्ट होण्याच्या अर्थी ह्या धातूचे रूप कसे होते याचा स्वतंत्र नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात दिला आहे, आणि टीकाकारांनी त्यासाठी थिजलेल्या तुपाचे उदाहरण घेतले आहे. मूळ पाश्चात्त्य शब्दही लॅटिनमधील चिकट डिंकाच्या नावावरून आलेला असल्यामुळे ‘श्यानता’ त्यास अर्थाने अधिक जवळ आहे. प्रस्तुत लेखात वर ‘विष्यंदिता’ वापरली ती केवळ ती वाचकांच्या कानावरून अधिक गेलेली असावी म्हणून.

तथापि दोन तत्सम शब्दांत निवड करणे एवढाच हा प्रश्न नाही. मराठीची स्वतःची शब्दसंपदा ह्या क्षेत्रात विलक्षण सूक्ष्म आहे आणि परिभाषा घडविताना तिची दखल क्वचितच घेतली गेली. काही क्रियापदे पाहा. आमटी उकळून दाट होते ती ‘आळते’. दूध उकळून कमी होते ते ‘आटते’. तूप थंडीने ‘थिजते’. पाणी ‘गोठते’. रक्त ‘साकळते’. दही ‘लागते’. इंग्रजीत ह्यांपैकी बऱ्याच क्रिया दाट होणे अथवा घट्ट होणे अशा एकदोन सर्वसाधारण शब्दांत सामावतात. मराठीत मात्र दाट होण्याचे कारण क्रियापदातच सांगितले जाते : बाष्पीभवनाने, थंडीने, की अंतर्गत जाळे तयार झाल्याने. दही लागणे आणि रक्त साकळणे ह्या जाळे तयार होण्याच्याच क्रिया आहेत, म्हणजे शास्त्राच्या भाषेत जेल बनण्याच्या. थिजणे हा अवस्थाबदल आहे. भाषेने हे वर्ग शास्त्राच्या आधी पाडले आहेत.

उलट दिशेची क्रियापदेही तशीच आहेत. ठिबकणे, झिरपणे, पाझरणे, ओघळणे ही चारही वाहण्याचीच रूपे. पण पहिल्यात प्रवाह थेंबाथेंबांनी तुटतो, दुसऱ्यात व तिसऱ्यात तो सच्छिद्र माध्यमातून जातो, आणि चौथ्यात उभ्या पृष्ठभागावरून पातळ थर स्वतःच्या वजनाने उतरतो. रासायनिक अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ह्या स्थितींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

परीक्षेच्या रीतीही शब्दांत साठलेल्या आहेत. ‘पळीवाढे’ हा शब्द दाटपणाचे माप पळीवरून ठरवितो. ‘एकतारी’ व ‘दोनतारी’ पाक बोटांमधील तारेवरून ओळखला जातो. ही तार म्हणजे ताणाखालील प्रवाहाची परीक्षा होय. ट्राउटन यांनी १९०६ मध्ये दाखविल्याप्रमाणे साध्या द्रवाचा ताणण्यास होणारा विरोध त्याच्या सरकण्याच्या विष्यंदितेच्या ३ पट असतो. लांब साखळ्यांच्या द्रावात तो शेकडो पट होऊ शकतो. गुऱ्हाळावरील गुळव्या काहिलीतील पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते की नाही हे पाहतो, तेव्हा तो तापमान व दाटपणा यांचा संबंध हाताने तपासत असतो. त्याच्याजवळ संख्या नाही, पण भेद आहे.

भेद असणे आणि संख्या नसणे, ह्या स्थितीतूनच शास्त्राचा आरंभ होतो. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास प्रवाहिकी शिकविताना प्रथम त्याच्या भाषेतील भेद जागे करावेत आणि मग त्यांस मापन जोडावे. ‘मुरणे’ ठाऊक असलेल्यास शिथिलनकाल परका वाटणार नाही. परंतु त्यास थेट परभाषेतील संज्ञा पाठ करावयास लावली, तर स्वयंपाकघरात त्याला नित्य दिसणारे ज्ञान वर्गात त्याच्या उपयोगी पडणार नाही. शास्त्र त्याच्यासाठी केवळ परीक्षेचा मजकूर राहील. ही हानी भाषेची नाही, विद्यार्थ्याची आहे.

अर्थात येथे अतिव्याप्तीचा दोषही टाळला पाहिजे. बोलीतील शब्दास शास्त्रीय संज्ञा करताना त्याचा अर्थ आवळावा लागतो. ‘मुरणे’ लोणच्याच्या बाबतीत विसरणाचे वाचक आहे आणि कणकेच्या बाबतीत मुख्यत्वे शिथिलनाचे. संज्ञा म्हणून दोन्ही अर्थ चालणार नाहीत. ‘घट्ट’ हा शब्द तर झाकणासही लागतो आणि पिठल्यासही. संज्ञा एकार्थी असावी लागते, बोली अनेकार्थी असते, आणि म्हणून बोलीतील शब्द अध्यापनात पायरी म्हणून व तत्सम शब्द परिभाषेत संज्ञा म्हणून, अशी विभागणी व्यवहार्य ठरेल.

८. विभागापुढील कार्य

वरील विवेचनातून एक निश्चित काम निघते आणि ते आपल्या विभागास करण्यासारखे आहे. पूर्णा, परभणी व आसपासच्या तालुक्यांतील दाटपणा, चिकटपणा व प्रवाह यांची वाचक शब्दसंपदा गोळा करावी. निवेदक म्हणून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, गवंडी, कुंभार, गुऱ्हाळावरील कारागीर आणि काळ्या रानात नांगर धरणारे शेतकरी यांची निवड करावी. प्रत्येक शब्दाबरोबर ४ गोष्टी नोंदवाव्यात : पदार्थ कोणता, तो गरम की गार, परीक्षा कशाने केली (बोट, पळी, थापी, पाण्यातील थेंब), आणि निवेदकाच्या मते ह्या शब्दाच्या आधीची व नंतरची पायरी कोणती. शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे, कारण तिच्यावरून शब्दांची क्रमश्रेणी उभी राहते आणि क्रमश्रेणी ही मापनाची पूर्वतयारी होय.

ह्यानंतर त्याच नमुन्यांचे मापन रासायनिक तंत्रशास्त्राच्या एखाद्या प्रयोगशाळेत करून घेता आले, तर बोलीतील श्रेणी आणि यंत्रातील श्रेणी किती जुळतात ते कळेल. जेथे जुळणार नाहीत ती स्थळे अधिक उपयोगी ठरतील. बोलणारा कोणता गुण ओळखतो आणि यंत्र कोणता गुण मोजते, हा फरक तेथेच उघड होईल. संकलनाचा पहिला टप्पा एका विद्यार्थ्यास एका शैक्षणिक वर्षात पुरा करता येण्याजोगा आहे. हळदीच्या प्रकरणाने दाखविल्याप्रमाणे, अशी नोंद करण्याची वेळ ती हवी असते तेव्हाची नसून त्यापूर्वीची असते. गुऱ्हाळे व पाथरवटी बांधकाम जसजसे कमी होत जाईल तसतशी ही शब्दसंपदाही विरळ होत जाणार, हे लक्षात घेऊन ह्या कामास विलंब न लावणे इष्ट होय.